नावं नाही देणार

२ फेब्रुवारी
वर्गातल्या सगळ्यायले इंटर्नशिपले रायपुरातच मिळालं. रुचीले शंकरनगरात क्लिनिक, बाकीच्यायले शाळा. मले शहराबाहेर सिलतरा, स्पंज आयर्न वितळवून पोलाद करणारा प्लांट. मिळालं कसलं, मीच मागितलं. चौथं सेम, मानसशास्त्र, इंटर्नशिपचे क्रेडिट आले नाही तं डिग्री नाही. असं असताना सोपं घ्यायचं सोडून हे.
बाबांनी पेपर खाली नाही ठेवला. "भट्टीत मानसशास्त्राचं काय काम?" जन्मभर रेल्वेच्या ऑफिसात खुर्चीवर. आई म्हणे, जाऊ द्या, आपणच येईल परत.
म्हणजे आता तं परत येणंच नाही.

४ फेब्रु.
भनपुरीहून स्टाफ बस. पांढरी ओढणी घालून गेली, मूर्खपणा. येतायेता राखाडी.
दवाखान्याच्या बाजूला एक खोली दिली आहे. मधात प्लायवूडचं पार्टिशन, वरून उघडं. पलीकडे कंपाउंडर खोकलला तरी ऐकू येते. इथे माणूस मनातलं बोलणार म्हणे.
दुबे सर एच.आर.चे. बोलणं गोड. "बेटा, वर्कर लोग को मोटिवेट करना है बस." ठाकुर मॅडम माझ्या गाईड. त्यायनं आधीच बजावून ठेवलं: तू काउन्सेलर नाहीस, फक्त ऐक, आणि दर शनिवारी मला येऊन सांग.

९ फेब्रु.
कोणी येत नाही. येतात ते गॅसची गोळी मागतात. एकानं बाही वर करून हातच समोर केला, बी.पी. बघा म्हणे. मले नर्स समजून राहिले.
खोली सोडली. कँटीनच्या शेडमध्ये जाऊन बसली, त्यायच्याच बाकावर. दु. सरांनी पाहिलं. "वहाँ लेडीज़ नहीं बैठती." मी म्हटलं, आता बसते.

१६ फेब्रु.
लोक बोलू लागले. बायको, पोरं, बीरगावातलं पाणी, ठेकेदार. आणि फिरून फिरून एकच गोष्ट. दिवाळीच्या मागेपुढे भट्टीजवळ वितळलेलं लोखंड उडालं, एका माणसाचा पाय गेला. तो गावाले निघून गेला, त्याचं नाव घेताना सगळे आवाज खाली करतात.

१९ फेब्रु.
धनेश्वर आला. क्रेन चालवतो, चाळिशीचा असेल, बीरगावात राहतो. अपघाताच्या दिवशी क्रेनवर तोच होता. चौकशीत त्याची चूक निघाली नाही, साखळी तुटली होती. तरी.
त्याले बसवायच्या आधी मी ते सांगितलं, जे प्रत्येकाले सांगते. तुमचं बोलणं माझ्याजवळ आणि माझ्या मॅडमजवळ राहील. पण कोणाच्या जिवाले धोका दिसला तं मी गप्प नाही बसू शकत. तो "हव" म्हणाला. ऐकलं का, माहीत नाही.
आम्ही शेडच्या मागे उभ्यानं बोललो. वर केबिनमध्ये चढला की हात थंड पडतात. वितळलेल्या लोखंडाची बकेट उचलायच्या वेळी श्वास अडकतो, डोळ्यांपुढे अंधारी. उचलतो तरी. "कोनो ला झन बताबे दीदी." कोणाले सांगू नको म्हणे. घरी बायकोलेही नाही सांगितलं. क्रेनवरून उतरवलं तं ठेका संपला की बाहेर, हे त्याले पक्कं माहीत.
 

२१ फेब्रु. शनिवार
ठा. मॅडमना सांगितलं, नाव न घेता. त्या लगेच: "अंधेरा आता है और वो क्रेन पर है? पल्लवी, ये तुम अपने पास नहीं रख सकती." मग म्हणाल्या, आधी त्यानं स्वतः सांगावं म्हणून प्रयत्न कर, लवकर. सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओ.पी.डी.त त्याले पाठव, तिथल्या डॉक्टरशी मी बोलते.
चांगल्या वागल्या. लिहून ठेवते, कारण नेहमी नाही वागत.

२३ फेब्रु.
दु. सरांनी ए.सी. ऑफिसात बोलावलं, चहा, बिस्किट. मग मुद्द्यावर. कोण कोण "कमज़ोर" आहे त्यायची नावं पाहिजे. "उन्हीं की सेफ़्टी के लिए."
मी म्हटलं, एकूण काय त्रास आहे ते लिहून देईन. नावं नाही देणार.
"आप इंटर्न हैं, डॉक्टर नहीं."
"डॉक्टरनंही नसती दिली सर."
हसले. ते हसणं मले आवडलं नाही.
बाहेर आल्यावर कंपाउंडरनं सांगितलं की मार्चअखेर ठेका नवा होते, तेव्हा माणसं कमी करणार आहेत. सेफ्टी म्हणजे हे. बसमध्ये डोकं तडकून राहिलं होतं. पण खरी अडचण दु. सर नाहीत. खरी अडचण ही की धनेश्वर उद्याही वर चढणार, आणि त्याच्या खाली माणसं उभी असणार.

२४ फेब्रु.
त्याले म्हटलं, फोरमनले स्वतः सांगा, मी सोबत येते. तो एकदम उखडला. "आप भी उन्हीं की निकलीं." अर्धा चहा सोडून गेला.
 त्याच्या जागेवरून पाहिलं तं खरंच दिसत असेल तसं.

२५ फेब्रु.
फोरमन वर्माजींले म्हटलं, भट्टीचं शॉप पाहायचं आहे. हेल्मेट दिलं, पिवळ्या पट्टीच्या मागे उभं केलं. आजपर्यंत आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता.
वर केबिन, काचेत धनेश्वरचं डोकं. बकेट उचलली. मध्येच थांबली, हवेत. खालची माणसं वर पाहू लागली. वर्माजी ओरडले. मग हळूहळू पुढे गेली.
कोणाले काही झालं नाही. 
बाहेर येऊन मॅडमना फोन. त्या म्हणे, आता थांबायचं नाही. मी म्हटलं, थांबून नाही राहिली.
शिफ्ट सुटताना गेटजवळ त्याले गाठलं. सांगितलं: आज पाहिलं मी. उद्या चढायच्या आधी तुम्ही वर्माजींले सांगा. नाही सांगितलं तं मी सांगीन, इतकंच की याले आज वर पाठवू नका. काहून, ते नाही सांगणार. एच.आर.ले तं काहीच नाही.
तो सायकल घेऊन गेला.

२६ फेब्रु.
सकाळी गेटवर एक बाई उभी. "तैं हस का वो दीदी?" तूच का ती दीदी, म्हणे. त्याची बायको, कुमारी. मले वाटलं आता शिव्या बसणार. बसल्याच म्हणा थोड्या: इतके दिवस माझ्या नवऱ्याचं माहीत होतं तं मले काहून नाही सांगितलं? काल जेवताना तो रडला, लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं म्हणे. मग तीच त्याले घेऊन आली, की वाटेत मन फिरायला नको.
तिघं मिळून वर्माजींकडे. धनेश्वर उभाच राहून बोलला. "साहब, मोर हाथ नइ चलय ऊपर मा." वर हात चालत नाही, एवढंच. वर्माजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "पहले बोलना था ना यार." आणि यार्डात लावलं, लोडिंगवर. वर दुसरा माणूस चढला.
इतकं सोपं होतं? नाही, सोपं नव्हतं. पण झालं.

५ मार्च
ओ.पी.डी.त जाऊन आला. गोळ्या सुरू. झोप लागते थोडी म्हणे.
आणि हे मी ठरवलं नव्हतं: भट्टीवरचे बाकीचेही वर्माजींकडे गेले, उघड, दिवसाढवळ्या. म्हणे, आम्हालेही तसंच होते. साखळ्या तपासा, मग बाकीचं बोला. धनेश्वरच पुढे उभा होता. जो बायकोले सांगत नव्हता तो.

६ मार्च
दु. सर. चहा नाही. "लीडरी सिखा रही हो?" मी काही शिकवलं नाही म्हटलं, खरंच नाही. शेवटची संधी: आज नावं द्या, मग कंप्लीशन सर्टिफिकेटवर सही.
"नाही देणार सर."
गेटपास काढून घेतला. स्टाफ बसमध्येही चढू नाही दिलं. मेन रोडपर्यंत चालत आली, ट्रकांच्या धुळीत, मग ऑटो. पूर्ण रस्ताभर मनात एकच: बरं केलं. घरी येऊन तोंड धुताना रडली, ते वेगळं.

७ मार्च
घरात सभा. बाबा: माफीचा मेल टाक, सही घे, डिग्री घे, मग करत राह्य काय क्रांती करायची ते. धाकटा भाऊ हिंदीत, फोनमधून डोकं न काढता: "दीदी, चार नाम कुछ भी लिख देती." आई म्हणे, कुछ भी म्हणजे कोणाची तरी नावं ना रे.  आईकडून हे अपेक्षित नव्हतं.
बाबांले म्हटलं, माफी कशाची मागू, ते वाक्य तुम्ही सांगा, मी टाईप करते. त्यायनं विचार केला. खरंच केला. "लिही... की गैरसमज झाला." मी म्हटलं, झाला नाही. तं चिडले, पंखा मोठा करून झोपले.

१० मार्च
ठा. मॅडम बदलल्या. कंपनीचा विभागप्रमुखांले फोन आला होता. दरवर्षी मुलं घेतात, पुढे घेणार नाहीत. "तुम सही हो, लेकिन सही होने का भी तरीका होता है." मी विचारलं, कोणता? तरीका तं तुम्हीच सांगितला होता शनिवारी, मी तोच केला. त्या मग म्हणाल्या, विभागाच्या कमिटीसमोर तू हे असंच बोलशील? हो म्हटलं. "तो मुझे भी बोलना पड़ेगा," स्वतःशीच.
बोलतील का? सांगता नाही येत.

१८ मार्च
कमिटी. चारही बाजूंनी प्राध्यापक, मधात मी. विभागप्रमुख म्हणे, सर्टिफिकेट नाही तर काम झालं हे कसं मानायचं? मी सांगितलं काय काय केलं, नावं गाळून. एकानं विचारलं, "क्रेन वाले का नाम क्या था?" सहज, उत्सुकतेनं. मी त्याच्याकडे पाहत राहिली, इतका वेळ की तोच फाईल चाळू लागला.
ठा. मॅडम बोलल्या. थोडं बोलल्या, पण बोलल्या: प्रत्येक पाऊल मला विचारून टाकलं होतं तिनं, जबाबदारी माझी आहे.
मग तोडगा. नवा रायपूरला एक शाळा आहे, तिथे पुन्हा सगळं कर. क्रेडिट मिळतील. फक्त रिपोर्टमध्ये सिलतऱ्याचा उल्लेख नको. कोणाचंच नुकसान नाही.
विचार करून सोमवारपर्यंत सांगा म्हणे. नाही तर बघू, पुढच्या वर्षी.
बाबा खूश. शाळेपर्यंत स्कूटरनं सोडून देतो म्हणाले, स्वतःहून. हेच जास्त कठीण आहे, कोणी वाईट बोलत नाही तेव्हा.

२१ मार्च
धनेश्वरचा फोन. यार्डातच आहे. साखळ्या बदलल्या, निदान भट्टीवरच्या. ठेक्याची यादी अजून लागली नाही, रोज जाऊन बघतो म्हणे. मग विचारलं, "आपका पास-वास हो गया दीदी?"
"नाही अजून."
"मोरो नइ होय हे." माझंही नाही झालं म्हणे, आणि हसला. त्याले हसताना पहिल्यांदा ऐकलं. मीही हसली. दोघांचंही काही ठरलेलं नाही आणि आम्ही हसून राहिलो.
दुपारी रिपोर्टचं पहिलं पान टाईप केलं. वर सिलतरा लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात. खाली मॅडमच्या सहीसाठी जागा सोडली.