आडव्या काचांची खिडकी आणि तुझा भाचा

धाकट्या भावास थोरल्या अक्काचा भरभरून आशीर्वाद. त्यातला निम्मा तुझ्या बायकोला दे, नेहमीसारखा सगळा एकट्याने ठेवून घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे? नवी कवळी तोंडात बसली, की अजून डबीतच हसते आहे? मी बरी आहे. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय, येतो, बसतो, जातो. पत्र सूनबाई लिहिते आहे. अक्षर तिचं, अक्कल माझी. (मामा, हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. – सूनबाई)

पत्रास कारण, माझी खिडकी जाते आहे. माझ्या पलंगाशेजारची, आडव्या काचांची, दांडा ओढला की सगळ्या काचा एकदम मान वर करतात ती. तुझा भाचा ती काढून तिथे एकच अखंड काच बसवणार आहे, न उघडणारी. महिनाअखेरीस काचवाला येणार. हवेसाठी भिंतीत यंत्र लावणार म्हणे. म्हणजे मी आत, हवा यंत्रात आणि बाकीचं जग काचेपलीकडे, दुकानातल्या मिठाईसारखं.

सुरुवात माझ्या खोकल्याने झाली. एका सकाळी मी जरा जास्त खोकले, तर तुझ्या भाच्याने काचांवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला असं दाखवलं, जणू धूळ मीच पाळली होती. मी म्हटलं, ओल्या फडक्याने एकेक काच पुसून घे, झालं. पण तो दिवसभर कचेरीत इमारतींचे नकाशे काढतो, त्याला नुसतं पुसणं कमीपणाचं वाटतं. त्याने सगळी खिडकीच उकलली. काचा न्हाणीघरात नेऊन साबणाने न्हाऊ घातल्या (बाळपणी मी त्याला घातलं नसेल इतक्या मायेने), काचेची टोकं धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पकडी वाकवल्या, त्यातल्या काही मोडल्या, आणि पकडी ज्यात बसतात त्या दोन उभ्या पट्ट्याही चौकटीतून सोडवल्या. मी म्हटलं, अरे, कुठली कुठे होती ते लक्षात राहील ना? तर म्हणे, आई, मी आधीच फोटो काढून ठेवलाय.

फोटो काढला होता खरा. पण बोळात उभं राहून, बाहेरून. आणि खिडकी लावत होता आतून. तेव्हा फोटो बघून बघून, डोळ्यांत तेल घालून, त्याने डावी पट्टी उजवीकडे बसवली आणि उजवी डावीकडे. दिसायला खिडकी झकास झाली. दुपारी पावसाची सर आली तेव्हा कळलं, की काचांचा उतार आता बाहेरच्या ऐवजी आत आहे. सगळं पाणी शिस्तीत, एका काचेवरून दुसरीवर करत, माझ्या उशीवर. मी ओरडले नाही. नुसती हाक मारली, "बाळा, अंघोळ आज दुसऱ्यांदा झाली, टॉवेल दे." (त्या दिवशी हे जेवले नाहीत. – सूनबाई)

पट्ट्या त्याने उलटून नीट केल्या. पण आता दांडा जड झाला, म्हणून त्यात खायचं तेल सोडलं. त्यावर धूळ बसून चिखल झाला. वरच्या काचा उघडतात, मोडक्या पकडींत अडकलेल्या खालच्या हलत नाहीत. आणि मला नेमक्या खालच्याच हव्यात.

का, ते तुला सांगते. बोळापलीकडे शिंपीणबाई राहते. स्टुलावरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती पलंगाला खिळली आहे. तिचा पलंग तिच्या खिडकीशी, माझा माझ्या. खालच्या काचा उघडल्या की पडल्या पडल्या आम्हाला एकमेकींची तोंडं दिसतात. दुपारी बोलतो. कधी काहीच बोलत नाही, तिने हात हलवला की मी हलवते. तुझा भाचा म्हणतो, फोन आहे की. पण फोनवर ती "हं" म्हणून गप्प बसते. काचा अडकल्यापासून मी वरच्या फटीतून नुसतं तिचं छत बघते आहे. हे मुलाला कसं सांगू? या वयात मैत्रिणीसाठी हट्ट धरायला जीभ रेटत नाही. म्हणून मी आपली "खेळती हवा, खेळती हवा" करत बसते, आणि तो बिचारा माझ्याच छातीच्या काळजीने ती हवा बंद करतो आहे. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

तुझं खिडक्यांच्या सामानाचं दुकान होतं तेव्हाच्या तसल्या पकडी तुझ्या माळ्यावर नक्की असतील. तेवढ्या पाठव. माझ्या भावजयीला सांभाळ, गोड कमी खा.

तुझी अक्का (अंगठा खाली उमटवला आहे, शाई नाकालाही लागली)

ता. क. पकडी पाठवू नकोस, घेऊन ये. काचवाल्याच्या आधी. हातोडी धरायला त्याला तूच शिकवलंस, तुझं तो ऐकतो. शिंपीणबाईचं नाव काढू नकोस, "अशा खिडक्या आता मिळत नाहीत" एवढंच म्हण.

आणखी ता. क. (हे आईंना वाचून दाखवलेलं नाही. – सूनबाई) मामा, काचवाल्याला मी परस्पर "आम्ही कळवल्याशिवाय येऊ नका" सांगितलं आहे, पण यांना फार दिवस थोपवता येणार नाही. तुम्ही लवकर या. स्वयंपाकघराची खिडकी त्याच बोळात उघडते हे आई आणि शिंपीणकाकू दोघीही विसरल्या आहेत. दुपारी माझ्याबद्दल काय काय बोलणं व्हायचं ते मला भांडी घासताना शब्द न् शब्द ऐकू यायचं. त्यातलं निम्मं खरं होतं. पण गेले काही दिवस बोळात चिडीचूप आहे आणि आई भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मला ते बोलणं परत हवं आहे, मामा. बाकीच्या निम्म्यासकट.