कडेवरून खाली

४ मार्च
— गॅसवर दूध, बादलीत चादरी भिजवलेल्या, मी कांदा चिरत होते आणि मागून फट्‌ फट्‌ आवाज. दिवसभर तोच कानात आहे. खारू चालत होती. माझी नात, भिंतीवरसुद्धा चढायची, म्हणून खारू! आता आधी चवडा आपटतो, मग टाच. एक चप्पल दारातच निसटून राहिली. तिला पत्ताच नाही.

रक्ताच्या कर्करोगाची औषधं चालू आहेत. रोग हटतोय, पण त्याच औषधाने नसा दुखावतात, पाऊल असं लुळं पडतं. वाचनालयातल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय — डॉक्टरांना लगेच सांगा.

५ मार्च
मुलाला तिची चाल दाखवली. "आई, तिथे एक शब्द बोलू नकोस. त्यांनी डोस कमी केला तर रोग उलटेल." सूनबाईंनी मान डोलावली. एरवी भाजी कुठली करायची यावरही दोघांचं जमत नाही!

९ मार्च
तपासणी. चिरंजीवांनी तिला रिक्षातून कडेवर घेतलं ते थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. दर वेळी हेच.
"चालते ना नीट?"
"पळते!" चिरंजीव म्हणाले.
बाईंनी मान वर न करता लिहून घेतलं. मुलगा-सून दोघेही शिकलेले.

१० मार्च
सूनबाईंनी चपलांना मागून इलॅस्टिक शिवलं. आता निसटत नाहीत. झालं, नसा बऱ्या!
धाकट्या जाऊबाई येऊन गेल्या. "लाडावलीय हो. बसून खायची सवय." म्हटलं, चहा घ्या, तेवढंच तोंड गुंतेल.

१३ मार्च
फ्रॉकचं बटण लागेना. खारू म्हणाली, "आजी, बोटांत मुंग्यांनी शाळा भरवलीय." हसले मी. मग हळूच, "बाबांना नको सांगू. ते मोरीत जाऊन रडतात."
वा! पोरही कटात सामील.
यांनीही छातीतली कळ अशीच दडवली. "पित्त आहे गं." घराण्याचा शहाणपणा! फोटोत अजून हसताहेत. रोज पुसते तो, रोज राग येतो.

१५ मार्च
पुन्हा बोलले. मुलगा ओरडला, "रोग परतला तर तू भरून देणार आहेस का?"
पुस्तक पुन्हा चाळलं. याचं उत्तर त्यातही नाही. मनात घाबरट म्हणत होते त्याला — रात्री ताट मीही तसंच सरकवलं.
उद्या त्याला रजा नाही, सूनबाई तापाने फणफणलीय. सुईसाठी खारूला मी नेणार. निघताना तो म्हणेल, "उचलून ने हं."

१७ मार्च
काल सकाळी इलॅस्टिक कापलं. डॉक्टरीणबाईंच्या दारात खारूने सवयीने दोन्ही हात वर केले. मी उचललं नाही. "चल, बाईंपर्यंत," म्हटलं. ती चालली. एक चप्पल मधेच राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं.