हिरव्या फुलांची बिअर

वारजे, पुणे
घटस्थापनेनंतरचा रविवार

तीर्थरूप मुक्ताईस,

धाकट्या हिंमतचा लांबूनच दंडवत. लांबून अशासाठी, की पत्र वाचून झाल्यावर तू मला दारात उभं करशील याची खात्री नाही. खोकला थांबला का? वर्ध्याची हवा आता कोरडी झाली असेल. हे पत्र शेजारच्या राधाकडून वाचून घेऊ नकोस, कारण यात दारू आहे आणि ती मी प्यालो आहे. (फोन केला असता, पण घर लहान, योगेश घरातच, आणि कानांच्या बाबतीत तो माझ्यावरच गेलाय.)

तुझ्या या भाच्याने संगणकाची नोकरी सोडून बिअर करायला घेतली हे तुला ठाऊक आहेच. कारखाना म्हणजे वारज्यापुढची एक पत्र्याची शेड आणि मी केलेल्या टाक्या. जन्मभर डेअऱ्यांना दुधाच्या टाक्या करून दिल्या, नुसत्या टिचकीच्या आवाजावरून जोड कुठे कच्चा आहे ते सांगत आलो, आणि म्हातारपणी घरच्याच टाकीत हे शिजलं. बिअरचा कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून येतो. एरवी ती वाळवून, गोळ्या करून येतात. यंदा योगेशने ती हिमाचलातून ओली, हिरवी, विमानाने मागवली आणि आल्या आल्या टाकीत टाकली, कारण शिळी झाली की वास गेला. आपल्या हुरड्यासारखंच समज. फक्त हुरड्याला कोणी परवाना विचारत नाही.

काल ती चाखायला जाणकार मंडळी आली होती. झाडून सगळ्यांना दाढ्या. एकाला म्हणे त्यात ओलं गवत जाणवलं, दुसऱ्याला संत्र्याची साल. (मला काडेचिराईत जाणवला. जंत झाले की आई नाक दाबून पाजायची तोच.) पण एक घोट घेऊन प्रत्येक जण उरलेली बिअर खालच्या स्टीलच्या बादलीत ओतत होता. आता पानात टाकणं आपल्या घरात कधी कोणाला खपलं नाही. मला वाटलं, पोराची बिअर कोणालाच आवडली नाही, आणि तो बिचारा हसून सगळ्यांना पुढचा ग्लास देतोय. मी बादलीपाशी उभा राहिलो आणि एकेकाच्या हातातून ग्लास घेऊन संपवू लागलो. (उष्टं. हो. दारूपेक्षा तुला हेच जास्त लागेल.) एक दाढी म्हणाली, "काका, टेस्टिंगमध्ये ओततातच." मी म्हटलं, "तुमच्याकडे ओतत असतील." तो खरोखरच त्यांचा रिवाज आहे हे डोक्यात शिरेपर्यंत पाय माझे राहिले नव्हते. मग टाकीमागे धान्याच्या पोत्यावर जाऊन बसलो.

दारूने डोळे मंदावले, कान नाही मंदावले. टाकीच्या पलीकडे योगेश आणि बंगळूरचा एक मोठा बिअरवाला बोलत होते. बिअर त्याला फार आवडली होती. तिकडचा सगळा कारखाना तो योगेशच्या हाती द्यायला तयार होता, पण दिवाळीनंतर लगेच यायला हवं. योगेश म्हणाला, "नाही जमणार, सर. बाबा एकटे पडतील. आई गेल्यापासून ते जेवतच नाहीत, आणि मला सांगतात जेवलो म्हणून." माझ्याशी हा मुलगा भाजीत मीठ कमी आहे यापलीकडे बोलत नाही, मुक्ताई. पाहुणे गेल्यावर त्याने मला धरून उठवलं आणि विचारलं, "कशी झालीय?" मी म्हटलं, "टाकीचा जोड चांगला बसलाय." तो हो म्हणाला.

असो. खोकल्याला हळद घे. घरी सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
हिंमत

ता. क. दिवाळीच्या आधी तू इकडे राहायला ये. मी बोलावलं असं म्हणू नकोस. सून बघत नाही म्हणून कायमची आले, असं सांग. (तुझी सून अपेक्षा तुला किती जपते ते मला माहीत आहे, पण एवढी बदनामी सोसायला तिला माझ्यासाठी सांग.) मी एकटा नाही हे दिसलं तरच तो बंगळूरला जाईल.

पुन्हा ता. क. तो गेला की तू आठवड्याभरात परत गेलीस तरी चालेल. तिकडून त्याला रोज फोन करून सांगत जा, की हिंमत जेवला.