शिवबाईच्या दारातला सडा

सोलापूर,
१४ फेब्रुवारी १९७४

प्रिय शिवबाई,

मी रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. मंद्रूपची एस.टी. धरलीस आणि जाताना शेजारच्या दारावर साधी थाप मारली नाहीस. भावाच्या घरी जायला माझी कसली हरकत? पण आडाच्या पाण्याने निंगव्वाच्या हातावर आलेले फोड बरे झाले का, एवढं तरी कळवायचं होतंस. लेक तुझी असली तरी खांद्यावर माझ्याही वाढलीय. इकडे तुझे वीरभद्रप्पा स्वतः भाकरी थापतात. परवा एक मला दाखवायला आणली, तिला कोपरे होते. मी हसले, तेही हसले. तुझं नाव कुणी काढलं नाही, पण मनात तेच होतं.

गल्लीत सगळे तुझ्यावर चिडलेत असं तुला वाटतंय ना, ते डोक्यातून काढून टाक. रंगखान्याचं सूत रंगवून उरलेलं पाणी मालकांनी मागच्या खड्ड्यात सोडलं आणि आपल्या आडाला वास येऊ लागला, पाणी जांभळट झालं. हे सगळ्यांना दिसत होतं. बोललं कोण? तू एकटी. तांब्या भरून महापालिकेत नेलास आणि आरोग्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवून तक्रार दिलीस. आम्ही बाकीच्या नळाच्या रांगेत एकमेकींशी भांडत बसलो होतो.

मग मालकांच्या वकिलाची रजिस्टर नोटीस आली, सगळी इंग्रजीत. आणि आपण दोघी शहाण्यांनी काय केलं? ती वाचून घ्यायला रंगखान्याच्याच कारकुनाकडे गेलो! गल्लीत इंग्रजी येणारा तेवढाच, म्हणून. त्याने चष्मा पुसत पुसत सांगितलं, की अब्रूनुकसानीचा दावा होणार, घराला सील लागणार, नवऱ्याला बेड्या पडणार. ते नको असेल तर माफीच्या कागदावर सही कर. कागद त्याच्या खिशात तयारच होता, हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. सही करताना तू निंगव्वाकडे बघत होतीस. मला ते अजून दिसतं. त्या सहीवरून तुला कुणी बोल लावला, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

तू गेलीस आणि पुन्हा तक्रार द्यायची हिंमत कुणाची झाली नाही. आडाचं पाणी प्यायचं सगळ्यांनी बंद केलं, पण नळाचं पाणी सड्याला कोण घालवणार? म्हणून सडा आडाच्याच पाण्याचा. एका सकाळी मायाक्काने ओल्या जमिनीवर पांढरी रांगोळी काढली आणि ऊन चढेपर्यंत कमळ जांभळं झालं. दुसऱ्या दिवशी तिने दुप्पट मोठं काढलं. मग गुरम्माने, मग मी, मग सगळ्यांनीच. ठरवलं कुणीच नव्हतं. येणारे-जाणारे सायकली थांबवून बघायला लागले. कारकून तणतणत आला, की हे बंद करा, मालक सगळ्यांवर केस घालतील. मायाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी काय बोललो? सडा घातला, रांगोळी काढली. तुमच्या घरी घालत न्हाईत व्हय?" तो तसाच मागे फिरला. नोटिसा मात्र आल्या, दारोदार.

या खेपेला आम्ही कारकुनाकडे गेलो नाही. कोर्टाजवळ गंगाधरपंत वकील बसतात ना, त्यांच्याकडे सगळ्या मिळून गेलो. तुझी जुनी नोटीसही वीरभद्रप्पांनी आणून दिली. पंतांनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला. अगं शिवबाई, तिच्यात बेड्या नाहीत की सील नाही! उत्तर द्या, नाहीतर दावा लावू, एवढंच. बाकी सगळा मसाला कारकुनाचा. मला इतका संताप आला म्हणून सांगू, आणि तेवढंच हायसंही वाटलं. पंत म्हणाले, अशा लोकांना दावा चालवायचाच नसतो पुष्कळदा, समोरच्याने घाबरून गप्प बसावं एवढ्यासाठी वकिलाचा कागद धाडतात. त्यांनी आमच्या वतीने उत्तर दिलं, की दारातल्या सड्याने मालकांची अब्रू कशी जाते ते त्यांनी कोर्टात येऊन सांगावं. तेव्हापासून तिकडून चकार शब्द नाही. आणि गेल्या आठवड्यात आरोग्याचे साहेब स्वतः आले. रांगोळ्या बघत बघत आडापर्यंत गेले, बाटलीत पाणी भरून नेलं.

येत्या मंगळवारी ते रंगखान्याचा खड्डा बघायला परत येणार आहेत. पण पहिली तक्रार तुझी, आणि मालक आता साहेबांना तुझा माफीचा कागद दाखवतात, की बाईंनीच चूक कबूल केलीय. पंत म्हणतात, ती सही भीती घालून घेतली होती, हे तुझ्या तोंडून साहेबांना कळायला हवं. आम्ही सांगून भागणार नाही. हे पत्र त्याचसाठी लिहिलं, आणि आणखी एका गोष्टीसाठी. साहेबांनी जाताना विचारलं, सगळ्या दारांत रांगोळी आहे, या एकाच दारात का नाही? दुसरीच्या दारात सडा आपण घालत नाही, म्हणून तुझं दार तेवढं कोरडं राहिलं होतं. वीरभद्रप्पा मागे उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर वीरभद्रप्पा बादली घेऊन अंगणात. बाप्या माणूस, त्यांना कुठला सडा येतो? सगळं पाणी एकाच जागी ओतलं आणि वर मूठभर रांगोळी टाकली. मायाक्कासुद्धा हसली नाही. तुझ्या उंबऱ्यासमोर आता परातीएवढा जांभळा डाग पडलाय. त्याच्याभोवती पाकळ्या काढायच्या राहिल्यात, आणि त्या तुझ्याशिवाय कुणी काढणार नाही. सोमवारच्या एस.टी.ने ये.

वाट बघणारी तुझीच,
गोदावरी