लाकडाची तहान

रविवार, ३ मार्च १९५७

आज रुजू झाले. तळेगावच्या स्टेशनात उतरले तर मालोजी छकडा जोडून उभाच होता. तो बंगल्याचा राखणदार. वय साठीचं, डोक्याला मळकट मुंडासं, बोलायला गोड. वाटेत त्यानं घराची सगळी हकीकत सांगितली. रेल्वेतल्या एका गोऱ्या इंजिनिअरानं ते बांधलं. सत्तेचाळीस साली तो विलायतेला गेला आणि तेव्हापासून दहा वर्षं दारं बंद. आता तिथं सरकारचं दहा खाटांचं प्रसूतिगृह व्हायचंय, आणि ते चालवायला मी, वाईची नर्स कुसुम निकम! अक्षय्य तृतीयेला, म्हणजे दोन मे रोजी, उद्घाटन आहे.

बंगला इंदोरीच्या वाटेवर, एकटाच. पण काय हवा! पुढं रुंद व्हरांडा, मध्ये मोठं दालन, पलीकडच्या टोकाला माझी खोली. सगळीकडे लाकडी जमीन, शेणामातीची नाही की फरशीची नाही. आतापर्यंत तीन नर्सांत एक खोली वाटून घेत आले. आज माझ्या एकटीच्या दाराला माझं एकटीचं कुलूप लागलं. किल्ली दहा वेळा फिरवून पाहिली असेन. मालोजी व्हरांड्याच्या पायरीवर बसून हसत होता.

रविवार, १० मार्च

खाटा आल्या. चादरी उकळून वाळवल्या. इंदोरीच्या, सुदुंबऱ्याच्या बायका कुंपणाशी येऊन बघून जातात. त्यांतल्या विमलबाईला सातवा उलटून गेलाय. हे तिचं तिसरं. आधीची दोन्ही गोठ्याच्या पडवीत झाली आणि दोन्ही गेली. तिला हात लावून सांगितलं, हे जाणार नाही.

दोन गोष्टी लिहून ठेवते. घरात एक वास आहे. ओल्या जळणाच्या ढिगात अळंबी उगवतात तेव्हा येतो तसा. आणि रोज सकाळी खाटांवर तांबूस धूळ बसलेली असते, विटेच्या भुकटीसारखी. रस्त्याची धूळ असं मालोजी म्हणतो. पण खिडक्या तर मी लावून घेते.

शनिवार, १६ मार्च

परवा एका खाटेचा पाय फळीत चार बोटं रुतला. चाकूचं टोक टेकवलं तर लोण्यात जावं तसं गेलं. चिंचवडहून लालमहंमद मिस्त्रींना बोलावलं. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. जमिनीवर आडवे झाले, कान लावून फळ्या ठोकल्या. एक फळी उचलली आणि मला बोलावलं.

फळीला उभ्या-आडव्या भेगा पडून तिचे चौकोनी तुकडे झाले होते, जळक्या लाकडासारखे. चिमटीत धरला तर तुकड्याचं पीठ झालं. खाली पांढरा कापूस पसरल्यासारखी बुरशी, आणि तिचे करड्या सुतळीसारखे दोर भिंतीच्या विटांतून आरपार गेलेले.

मिस्त्री म्हणाले, "ही वाळवी नाही, सिस्टरबाई. वाळवी माती आणते, ही पाणी आणते. लाकूड वरून कोरडं दिसतं आणि आतून संपतं. साग असता तर टिकला असता. हा विलायती देवदार आहे. ही तांबडी धूळ म्हणजे हिचं बी. आधी हिला पाणी कुठून मिळतं ते शोधायचं. नाहीतर फळ्या बदलत बसाल जन्मभर."

बाहेरून पाहिलं तर जमिनीखाली वारा खेळायला ठेवलेल्या जाळ्या मातीनं बुजल्या होत्या. तेच कारण, असं ते म्हणाले. मला हायसं वाटलं. रोग कळला की निम्मं काम झालं.

रविवार, ३१ मार्च

झालं एकदाचं! पंधरा दिवस मिस्त्री इथंच व्हरांड्यात राहिले. जिथं कूज संपते तिथून पुढं दोन हात चांगलं लाकूडही कापलं, कारण दोर दिसण्याआधीच पुढं गेलेले असतात म्हणे. कापलेलं सगळं मागच्या कोरड्या ओढ्यात नेऊन जाळलं. भिंतीचा गिलावा खरवडला, विटांवर स्टोव्हची ज्योत फिरवली, मोरचुदाचं पाणी तीनदा पाजलं. जाळ्या मोकळ्या केल्या. सागाच्या नव्या फळ्या टाकल्या. वास गेला. मिस्त्रींना मी वरण-भात वाढला. त्यांची बायको सुरय्या आणि माझी आई दोघीही वरणात चिंच घालतात, त्यावरून हसलो.

एवढंच की त्यांना फार तहान लागली होती. तांब्यावर तांब्या. उन्हाळा आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

सकाळी उशीवर तांबडी धूळ.

नव्या फळ्यांवरही. सागावर. कोपऱ्यात बुरशीचं भाकरीएवढं एक फळ आलंय. मध्ये तांबडं, कडेनं पांढरं, मऊ. त्याच्या अंगावर पाण्याचे थेंब होते, घामासारखे.

शनिवार, १३ एप्रिल

मिस्त्री परत आले. सगळा पाया तपासला. भिंती कोरड्या, माती कोरडी, विहीर दोनशे पावलांवर आणि तिनंही तळ गाठलेला. पण फळी पिळली तर पाणी निघतं. बोट लावून त्यांनी ते चाखलं आणि थुंकले. खारट आहे म्हणाले.

त्यांचा उजवा तळवा पाहिला. उभ्या-आडव्या भेगा, चौकोनी. रक्त नाही, पू नाही, दुखतही नाही. व्हॅसलीन लावून पट्टी बांधली. "चुन्यानं झालं असेल," म्हणाले. चुना पंधरा दिवसांत त्यांनी वापरलाच नव्हता.

माझंही वजन उतरलंय. धान्याच्या काट्यावर उभी राहिले, नऊ शेर कमी. दिवसाला तीन कळशा पाणी पिते. मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडली. उभीच राहिली. हगवणीच्या रोग्याची राहते तशी. मला हगवण नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

मला इथं नेमणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरसाहेबांना लिहिलं होतं, घर राहण्याजोगं नाही, तारीख पुढं ढकला. उत्तर आलं. पाहुणे ठरले आहेत, पत्रिका छापून झाल्या, जमिनीला रंग देऊन घ्यावा.

मालोजीला समोर बसवून विचारलं, तू दहा वर्षांत आत किती वेळा झोपलास? तो पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "एकडाव बी न्हाई, बाई. सायबाची मड्डम हितंच वाळली. चांगली धडधाकट बाई, दोन महिन्यांत काटकी झाली. साहेब तिला पुरून दुसऱ्या दिशी गेला. आमी काय बोलनार? तुमी आलात तवा वाटलं, सरकारचं घर हाय आता, सरकारला कायबी व्हत न्हाई."

त्याच्यावर ओरडले. तो रडला. मग मीही.

आजपासून त्याच्या झोपडीच्या ओट्यावर झोपणार.

सोमवार, २२ एप्रिल

चिंचवडला जाऊन आले. मिस्त्री अंथरुणावर. सुरय्याभाभी ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसत होत्या. पट्टी सोडली. नाडी पाहायला मनगट धरलं आणि माझ्या अंगठ्याखाली ते

नीट लिहिते. मी नर्स आहे. मनगटाची कड चुरली. तुकडा चौकोनी होता. आतून तांबूस भुकटी सांडली चादरीवर. त्यांना कळलंसुद्धा नाही. भाभींनी पाहिलं. त्यांनी पदरानं ती भुकटी झाकली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मिस्त्री फार हळू बोलले. "पाणी भिंतीत नव्हतंच, सिस्टरबाई. मी उगाच जाळ्या उघडत बसलो. ते पाणी आपलं होतं."

भाभींना म्हटलं, उद्या दवाखान्यात हलवू. त्यांनी मान हलवली. उद्यापर्यंत नाही, असा त्याचा अर्थ होता.

शनिवार, २७ एप्रिल

विमलबाई आली. दिवस भरायला तीन आठवडे होते. कळा चालू, बैलगाडीत, बरोबर सासू. बंगल्यात नेलं नाही. मालोजीच्या झोपडीत बाज टाकली. सासू तोंडाला येईल ते बोलली. एवढा बंगला उभा असताना माझ्या सुनेला राखणदाराच्या खोपटात? आमी गरीब म्हनून?

दुपारी तीनला मुलगी झाली. खणखणीत रडली. विमलबाईनं माझा हात सोडला नाही. जगंल का, एवढंच विचारत होती. म्हटलं, जगेल.

सोमवार, २९ एप्रिल

विहिरीवर गेले होते. तासभर, जास्त नाही. परत आले तर बाज रिकामी.

सासूनं दोघींना दालनात नेलं होतं. झोपडीत उकडतं म्हणून. मधल्या खाटेवर विमलबाई गाढ झोपलेली, पोर कुशीत. सासू पंख्यानं वारा घालत होती, समाधानानं. खाटेच्या चारही पायांवरून करडे दोर वर चढले होते. दोर हलताना दिसत नव्हते. पण चादरीच्या काठापर्यंत पोचले होते.

पोरीची टाळू खोल गेलेली. दुपटं कोरडंठाक. ओठ कागदासारखे. रडायला तोंड उघडत होती, आवाज येत नव्हता.

पोरीला उचलून झोपडीकडे पळाले, मागून सासू विमलबाईला घेऊन आली. चमच्यानं पाणी, थेंब थेंब, मग आईचं दूध, मग परत पाणी. पाच वाजता दुपटं ओलं झालं. आयुष्यात इतका आनंद कशाचा झाला नव्हता.

सासू पाय धरायला वाकली. मी पाय मागं घेतले. त्यांना भेगा आहेत.

बुधवार, १ मे, दुपार

सकाळी छकडा गेला. विमलबाई, पोर, सासू. मालोजीला सांगितलं, तळेगावच्या दवाखान्यात पोचव आणि तिकडच्या गावांत ओरडून सांग, उद्या कोणी येऊ नका. तो म्हणाला, तुमी बी चला. म्हटलं, चाकणकडच्या बायकांना इथं कोण अडवेल? त्यांच्याकडे दवंडी पिटून झालीय. दहा-बारा गरोदर बायका येतील. मी फाटकाशी उभी राहते, आणि घराला कुलूप घालते.

कुलूप आत राहिलं होतं. माझ्या खोलीत, खिळ्यावर.

पळत जाऊन पळत यायचं होतं. फळ्यांखाली जिथं तुळई आहे तिथूनच पाय टाकत गेले, मिस्त्री चालायचे तसे. खोलीच्या उंबऱ्यातच तुळई गेली. आवाजही झाला नाही. उजवा पाय मांडीपर्यंत खाली.

निघत नाही.

वही एप्रनच्या खिशात होती. पेन्सिल आहे. लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

बुधवार, संध्याकाळ

पाय दुखत नाही. दुखायला हवा. खाली काहीतरी मऊ, गार— कापसासारखं. घोट्याभोवती. आता गुडघ्याभोवती.

तहान.

परवा सासूनं आणून ठेवलेली कळशी चार हातांवर आहे. भरलेली. दिसतेय.

मालोजी येईल. बैल थकला असेल— सकाळी येईल.

गुरुवार, अक्षय्य तृतीया

मालोजी नाही.

उजेड झालाय. डाव्या हाताची दोन बोटं— लिहीत नाही ते.

पोर जगली. तेवढं झालं.

बांगड्या वाजताहेत. फाटकापाशी. बायकांचं बोलणं, हसणं— लवकर आल्या. ऊन चढायच्या आत—

ओरडले. आवाज नाही. जीभ हलत नाही.

पायऱ्या चढल्या. कोणी म्हणतेय, बाई आत असतील, चला गं, सावलीत बसू. पोटुशा बाया, उनात किती उभं राहायचं—

पान फाडलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं. आत येऊ नका. पळा. फळीवरून ढकललं. वाऱ्यानं गेलं, दालनातून, दारापर्यंत—

उचललं एकीनं. पोचलं. देवा, पोचलं—

कागद उलटसुलट करून बघताहेत.

आता हसताहेत. एक म्हणतेय, "कागुद धाडला बाईंनी. बोलावत्यात आपल्याला. चला."

त्यांच्यातल्या एकीलाही वाचता