त्यागमूर्तीची तीनचाकी

मु. वाडी, रिठदच्या पुढे, ता. रिसोड
संक्रांतीनंतरचा बुधवार

कारंजा मुक्कामी सुखात असलेले धनराजभाऊ यांस, त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे या जगदेवचा, उजव्या पायावर उभं राहून रामराम. (डावा सीमेवरच्या सुरुंगाने नेला, हे तुम्ही जाणताच.)

तिकडे सगळे खुशाल असतील. वहिनींचे गुडघे थंडीत दुखतात, त्यांना तिळाचं तेल कोमट करून लावायला सांगा. इकडे विजयमाला खणखणीत आहे. मीही बरा आहे, फक्त सरकारी पायाचं आणि माझ्या मांडीचं पटत नाही. संध्याकाळपर्यंत मांडी सोलून निघते, पाय मात्र जसाच्या तसा.

पत्रास कारण असं. दिवाळीत आपला वाद झाला होता तो आठवा. तुम्ही लष्कराची पेन्शन घेता, पुढे बँकेच्या दारात बंदूक धरून उभे राहिलात तिचीही घेता, आणि वर म्हणालात, "भाऊजी, सरकार देऊन राह्यलं तं आपण काहून लाजायचं?" तेव्हा मी हातातली चकली तुमच्यावर रोखून बोललो होतो की शिपायाने एक हात पुढे करावा, दोन्ही करू नयेत. (माझी नोकरीची पेन्शन वेगळी आणि पायाची वेगळी, हे त्या वेळी तुम्ही काढलं नाही. विजयमालेने काढलं, पण तुम्ही गेल्यावर.) तर ते माझं तत्त्व गेल्या महिन्यात भर ग्रामसभेत माझ्याकडून पाळलं गेलं. कसं पाळलं गेलं, ते सविस्तर कळवतो.

आमच्या पंचायतीत अपंगांसाठी राखलेला थोडा निधी असतो. त्यातून यंदा बॅटरीवर चालणारी एक तीनचाकी गाडी यायची होती. माझा तिच्यावर डोळा होता, खोटं कशाला सांगू. आपलं वावर गावापासून फार लांब नाही, पण पांदणीचा रस्ता काळ्या मातीचा, आणि सरकारी पाय त्या मातीत रुतला की मातीच जिंकते. कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून जावं, तर तो भला माणूस इंजिनच बंद करत नाही. मी वावराच्या कडेला धुऱ्यावर टेकतो न टेकतो तोच हॉर्न. वावर म्हणजे काय पोस्टाची पेटी आहे, टाकलं आणि निघालं? मला तिथे बसायचं असतं. हरभऱ्यावरून ऊन कसं सरकतं ते पाहायचं असतं, शाळेतल्या कविता एकेक करून आठवायच्या असतात. (हरभऱ्याला त्यांचा त्रास होत नाही.) हल्ली विजयमालाच संध्याकाळी येऊन मला वावर सांगते. परवा विचारलं, हरभरा केवढा झाला? म्हणाली, तुमच्या गुडघ्याएवढा. कोणत्या, हे विचारायचं धाडस झालं नाही.

माझी इच्छा बसथांब्यावर रवीच्या चहाच्या दुकानात कशी पोचली कोण जाणे. कमी साखरेचा चहा माझ्यापुढे ठेवत रवी म्हणाला, "काका, पाय एक गेला अन् पेन्शनी दोन आल्या. घरपट्टी माफ, एसटीत सूट. आता गाडीबी तुमालेच? आमचे दोन्ही पाय हायत, हा आमचा गुन्हा झाला का?" बाकावरचे सगळे हसले. (रवीचं घर घरकुलातलं आहे, वावरावर शेतकऱ्याचा हप्ता येतो, बायकोच्या खात्यात महिन्याला काही पडतं आणि रेशन फुकट आहे. पण आपल्याला मिळतो तो हक्क आणि शेजाऱ्याला मिळतो तो फायदा, असा आपल्याकडचा रिवाज आहे.) मी चहा संपवला. एक पेन्शन केलेल्या नोकरीची, दुसरी गेलेल्या पायाची, आणि गाडी पुढच्या रस्त्यासाठी, ही तिन्ही एका पोत्यातली नव्हेत, हे ग्रामसभेतच मांडायचं ठरवलं.

पण मुद्दा कोरडा मांडणं मला जमत नाही. म्हणून सुरुवातीला चौथीतली ती झाडाची कविता घेतली. बेत सरळ होता. झाड उन्हात उभं राहतं, सावली देतं, फळं देतं, घाव सोसतं, हे चार कडव्यांत सांगायचं आणि मग म्हणायचं की मंडळी, झाडालाही पाणी लागतं, तर ती गाडी मला द्या. पण शाळेत निंबाजी गुरुजींनी लावून दिलेली चाल आठवली, वर्गाच्या खिडकीबाहेरचा निंब आठवला, आणि मी रमलो. तिसऱ्या कडव्याला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. चौथं डोळे मिटून म्हटलं. मी श्वास घ्यायला थांबलो, आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर शाल पडली.

तुम्हाला आमचं गाव ठाऊक आहे. इथे माणूस जरा बरं बोलला की त्याचा सत्कार होतो, पंचायतीच्या कपाटात शाल आणि नारळ कायम तयार असतात. सरपंच पौर्णिमाताईंनी जाहीर करून टाकलं की जगदेवकाकांनी गाडीवरचा हक्क सोडला, असे त्यागमूर्ती आता राहिले नाहीत. टाळ्या झाल्या, ग्रामसेवकाने लिहून घेतलं. अंगावर शाल, हातात नारळ, समोर अख्खं गाव उभं. अशा वेळी पाण्याचं कडवं कोण म्हणेल? मी नारळ कपाळाला लावला.

गाडी तांड्यावरच्या हेमसिंगला मिळाली, आणि त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. लहानपणीच दोन्ही पाय गेलेले, हातांवर सरकत तो शिलाईचं दुकान चालवतो. त्याला ती कधीच मिळायला हवी होती. दुसऱ्याच दिवशी तो गाडी घेऊन अंगणात आला आणि म्हणाला, "काका, एक अजून येऊन राह्यली म्हन्ते. तुमी मागा, पयला हात माहा वर." पण धनराजभाऊ, मागू कसा? शाळेत मला त्यागावर बोलायला नेलं. रवी माझ्याकडून चहाचे पैसे घेत नाही. (हा कितवा लाभ, ते मात्र दुकानात कुणी मोजत नाही.) घरात तेवढं त्यागाचं चीज नाही. विजयमाला म्हणते, "झाड तरी वावरात राह्यते. तुमी तं वसरीत बसून राह्यले."

असो. बायकांना तत्त्व कळत नाही. माझं म्हणणं दिवाळीत होतं तेच आज आहे: शिपायाने एका लाभावर समाधान मानावं. तुम्हीही यावर शांतपणे विचार करावा, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. लहानांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

आपला,
जगदेव

ता. क. – दुसऱ्या गाडीचा विषय सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत आहे. झेंडावंदनाला म्हणून आदल्या दिवशीच्या एसटीने निघून या. कविता न म्हणता मागण्याची कला तुमच्याइतकी कुणाला साधलेली नाही. तुम्ही उभे राहा आणि गाडी माझ्यासाठी मागा, पाहुण्याला कुणी अडवणार नाही. हरभरा सोंगून वावर रिकामं व्हायच्या आत मला एक अख्खी दुपार तिथे बसायचं आहे.

पुन्हा ता. क. – तुम्ही बोलायला लागलात की गावासमोर मला कडाडून विरोध करावा लागेल, कदाचित एखादं कडवंही येईल. तुम्ही थांबू नका. तोफखान्याने तुमचा उजवा कान नेला, त्याचीही पेन्शन तुम्ही घेता असं विजयमाला आत्ताच सांगत होती. उत्तम. मी तुमच्या उजवीकडे बसेन.