लाल गाडीचं इंजन

७८६
लोहारा, यवतमाळ
६ नोव्हेंबर २०२३

ती. अब्बांच्या सेवेशी इम्तियाजचा सलाम वि. वि.

इकडे सगळे खैरियतीत आहोत. तुमच्या तब्येतीचं उमेरा फोनवर सांगते, पण ती अर्धं लपवते, म्हणून तुम्हीच लिहा. ऑपरेशनमध्ये जीभ गेली, हात तर शाबूत आहे ना! आणि दुल्हेभाईले चोरून तंबाखूचा खर्रा मागत असाल तर याद राखा, मी त्यायले आधीच बजावून ठेवलं आहे.

काम असं, का आपल्या गॅरेजच्या शेडचा मांगचा कोपरा मोकळा करून राह्यलो. आपल्याकडं दुरुस्तीले येत त्या खेमसिंगसेठच्या जुन्या विलायती स्पोर्ट गाड्या कवाच गेल्या, पण त्यायचे उरलेले इंजनब्लॉक अजून तिथंच पडून आहेत. पुण्याच्या सलोनी मॅडम पाहून गेल्या. त्या असल्या ब्लॉकवर काच बसवून हॉटेलायसाठी टेबलं करतात. घ्या बाप्पा, तुम्ही जिथं पिस्टन बसवले तिथं आता लोक चहाचे कप ठेवतीन! बळीरामकाका म्हणतात, पुण्याले कायले, माह्या भट्टीत दे, वितळवून पुल्या काढतो.

बाकीच्यायचं काही नाही. सवाल ताडपत्रीखालच्याचा आहे, परवेजभाईच्या लाल गाडीच्या इंजनचा. अम्मी त्या कोपऱ्याकडे पाहत नाही. तुम्ही ते फेकत नाही आणि कोणाले हातही लावू देत नाही. ज्या इंजनपायी भाऊ गेला ते काहून सांभाळलं, अब्बा? मी रागानं लिहीत नाही. पण त्याच्यापायीच अम्मी तुमच्यासंग बोलत नाही आणि तुम्ही बिमारीत पोरीच्या घरी पडून आहात. मले हे पाहवत नाही. त्याचं काय करू ते कळवा.

दुआत याद असू द्या.

तुमचा,
इम्तियाज


७८६
उमरखेड
११ नोव्हेंबर

चि. इम्तियाज यास अब्बाकडून अनेक दुआ.

पत्र भेटलं. खर्रा मागायले तोंड कुठं उरलं आहे! उमेरा नळीतून पेज देते. गालात पुन्हा गाठ आली. डॉक्टरनं उमेराले बाहेर नेऊन सांगतलं, मी दारामांगून ऐकलं. अम्मीले बोलू नको.

पुण्याच्या बाईले ब्लॉक देऊन टाक. एकाले मांगून तडा आहे, तो तिले आधी दाखवजो. टेबलाले चालत असंन तर नेईल, पण लपवून देऊ नको.

लाल गाडीचं इंजन विकायचं नाही आणि उघडायचंही नाही. मी आहे तोवर जिथं आहे तिथं राहू दे. मंग बळीरामच्या भट्टीत घाल. त्यात पाहण्यासारखं काय आहे? मी इंजन टाइट बांधलं, रस्त्यात जाम झालं, गाडी उलटली. साऱ्या यवतमाळले माहीत आहे. तुह्या अम्मीचा राग खरा आहे, तिले समजावत बसू नको. तिच्या गुडघ्याले तेल लावून देत जा.

अल्ला तुले सलामत ठेवो.

तुहा,
अब्बा


७८६
लोहारा
१५ नोव्हेंबर

ती. अब्बांना सलाम वि. वि.

आधी माफी मागतो. तुमचं ऐकलं नाही, इंजन उघडलं. ब्लॉक उचलायले गेलतो, म्हटलं एकडाव पाहू तर द्या का आपल्या घराचं वाटोळं नेमकं कशानं झालं.

अब्बा, इंजन फिरलं! क्रँकले पाना लावला आणि एका हातानं फिरलं. बेअरिंगवर ओरखडा नाही, पिस्टन जसेच्या तसे. तुम्ही प्लगच्या भोकातून तेल सोडत राह्यले म्हणून गंजही नाही. जाम झालेलं इंजन असं असते का? गाडी दुसऱ्या कशानं तरी उलटली, तुमच्या हातानं नाही. मी तिथंच फरशीवर बसून रडलो. इतकी वर्षं लोकायनं तुम्हाले नावं ठेवली, तुम्ही पुन्हा इंजन बांधलं नाही, मीही मनात तुमच्यावर डूख धरून होतो.

अम्मी पांढरकवड्याले खालाकडे गेली आहे. फोनवर तिले इतकंच म्हटलं का लाल गाडीचं इंजन उघडलं, रविवारी ये, दाखवतो. तिच्याच हातानं क्रँक फिरवायले लावतो. मंग तुम्हाले घ्यायले येतो. तुमचा पलंग आतल्या खोलीत घालतो, उन्हं तिथं चांगली येतात.

खुशीत आहे, अक्षराले हसू नका.

तुमचा,
इम्तियाज


७८६
उमरखेड
१७ नोव्हेंबर

चि. इम्तियाज यास दुआ.

हे एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देऊन राह्यलो. गाडीचा टाइम उमेरा फोनवर सांगंन. आत काय लिहिलं ते तिले माहीत नाही.

अम्मीले इंजन दाखवू नको. ते फिरते हे मले माहीत आहे. त्या दिवशी मी सगळ्यात आधी पोचलो. परवेज स्टेअरिंगवर पडला होता, जीव गेलता. तोंडाले दारूचा भपकारा येत होता, बेटा. रमजानचा महिना आणि भर दुपार. बाटली मी नाल्यात फेकली. मंग तिथंच क्रँक फिरवून पाह्यला, फिरला. लोकं जमली तवा मी म्हटलं का इंजन जाम झालं, माह्याच हातून टाइट बसलं होतं. मेकॅनिकच असं म्हणते म्हटल्यावर कोणी पुढं इचारलं नाही.

तुही अम्मी दर नमाजीनंतर काय म्हणते ते तू ऐकतच आला. माहा परवेज रोजा धरूनच गेला, अल्लानं त्याले रोज्यात उचललं. तिले तेवढंच उरलं आहे. इंजन चांगलं निघालं तर ती इचारंन का मंग गाडी उलटली कशी. तिच्यासमोर खोटं टिकत नाही, तू सांगून बसशील. मी आज आहे उद्या नाही. माह्यावरच्या रागावर ती जगते तर जगू दे.

मंग ते इंजन ठेवलं काहून, असं तू इचारशील. मी माह्या पोराले मारलं नाही हे जाणणारं त्या इंजनशिवाय दुसरं कोणीच नव्हतं. म्हणून फेकवलं नाही. आता तुले माहीत झालं. भट्टीत घाल.

तुले सगळ्यायची दुआ लागो.

तुहा,
अब्बा


७८६
लोहारा
२० नोव्हेंबर

ती. अब्बांना सलाम वि. वि.

पत्र स्टँडवर घेतलं आणि तिथंच वाचलं. घरी कसा आलो ते आठवत नाही.

अम्मीले मी फोनवर बोलून चुकलो होतो. आता दाखवत नाही म्हटलं असतं तर तिले शक आलाच असता. म्हणून मीच घन घेतला. बेअरिंग ठेचले, गॅसनं जाळून काळे केले आणि तसेच पुन्हा आवळून टाकले. तुम्ही बांधलेलं ते इंजन, इतकं साफ काम मी आजवर कोणाच्या हातचं पाह्यलं नव्हतं. ते मी माह्या हातानं नासवलं.

अम्मी गाडीतून उतरून सरळ शेडात आली, बुरखाही काढला नाही. मी म्हटलं, इंजन जाम आहे. तिनं म्हटलं, मले पाहू दे. दोन्ही हातानं पाना धरून तिनं जोर लावला. पुन्हा लावला. मी सोड म्हटलं तर माहा हात झटकला आणि भिताडाले पाय देऊन लावला. हललं नाही. मंग ती खाली बसली.

मले वाटलं, आता ती तुम्हाले बद्दुआ देईल. दिली नाही. म्हणाली का फोन आला तवापासून एकच दुआ मागत होती, इंजन फिरू दे. फिरलं असतं तर आल्या पावली उमरखेडची गाडी धरली असती आणि तुम्हाले घरी आणलं असतं. एकटीनं रागावून राहायले ती थकली आहे. पण आता तुम्हाले माफ केलं तर परवेजले काय तोंड दाखवू, असं म्हणून खूप रडली. मी तिच्याजवळ उभा होतो, अब्बा. सगळं माह्या तोंडात आलतं. गिळलं.

काल संध्याकाळीच बळीरामकाकानं ते फोडून भट्टीत घातलं.

शुक्रवारी तुम्हाले भेटायले येतो. एकटाच येतो.

तुमचा,
इम्तियाज